साहेब, ही काच एकदा पाण्यात बुडवून पाहा

प्रति,
आयात मालाच्या बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातदाराच्या घोषणापत्रावर, वर्गीकरण तपासणारे सर्व सीमाशुल्क अधिकारी

स.न.वि.वि.

पत्त्यात गावाचं नाव घालता आलं नाही, माफ करा. माझा माल एका बंदरात उतरतो आणि त्याचे कागद तपासणारे साहेब दुसऱ्याच शहरात असतात. ते कोण, कुठले, हे मला कळू नये अशीच तर व्यवस्था आहे. 2020 च्या जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईपासून फेसलेस असेसमेंट सुरू झालं आणि ऑक्टोबरअखेर देशभर लागू झालं. त्याआधी हातात फाईल घेऊन टेबलाटेबलापुढे उभं राहण्यात आमच्या सीएचएची, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाची, अर्धी हयात गेली, त्यामुळे नवी पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण आमचा चेहरा तुमच्यासमोरून हटला, त्याबरोबर मालही हटला. चेहऱ्याचं जाऊ द्या, माल मात्र तुम्ही बघायला हवा होता. सगळं पत्र एवढ्याच गोष्टीसाठी आहे.

मी भोसरीत लेव्हल गेज बनवतो. बॉयलरच्या ड्रमला, टाकीला उभं लावतात ते. आत पाणी कुठवर आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. लोखंडी बॉडी आमच्याकडे होते, स्टड आणि गास्केट बाजारात मिळतात, काच बाहेरून आणतो. आमची सगळ्यात जास्त खपणारी काच 280 मिलिमीटर लांब, 34 रुंद आणि 17 जाड असते. दोन्ही टोकं गोल. हातात घेतली की पहिल्यांदा वजनच जाणवतं; पाव किलोहून बरंच जास्त. समोरची बाजू तळहातासारखी सपाट. मागच्या बाजूला लांबीभर खोबणी, करवतीच्या दात्यांसारख्या, शेजारीशेजारी. धंद्यात हिला रिफ्लेक्स ग्लास म्हणतात. काच बोरोसिलिकेटची आणि टफन्ड, म्हणजे तापवून झपकन थंड केलेली, कारण तिला एका अंगाने वाफेचा दाब आणि उष्णता सोसायची असते आणि दुसऱ्या अंगाने बॉयलर हाऊसमधला वारा.

या एका काचेवर मला आजवर तीन वेगवेगळ्या क्वेऱ्या आल्या. पुरवठादार तोच, ड्रॉइंग तेच, इनव्हॉइसवरचं वर्णन शब्दाला शब्द तेच. ड्युटी ज्या टॅरिफ क्रमांकावरून ठरते तो आम्ही पहिल्यापासून 7020, म्हणजे 'काचेच्या इतर वस्तू' हे हेडिंग, लावून बिल ऑफ एंट्री भरत आलो आणि कित्येक वर्षं माल बिनबोभाट सुटला. मग एका खेपेला विचारणा आली: काच टफन्ड आहे, तर 7007 (सेफ्टी ग्लास) का नाही? पुढच्या एका खेपेला: मागच्या बाजूला प्रिझम आहेत, तर 9001 (भिंगं, प्रिझम वगैरे) का नाही? आणि त्यानंतरच्या खेपेला: लेव्हल गेजचा पार्ट आहे, तर 9026 90 (पातळी, दाब मोजणाऱ्या उपकरणांचे भाग) का नाही? प्रत्येक क्वेरी एका ओळीची. आधीच्या खेपांचं काय झालं याचा उल्लेख कशातच नाही. तीन साहेबांनी आंधळे आणि हत्तीची गोष्ट ऐकली असेलच. इथे हत्ती 17 मिलिमीटर जाडीचा आहे.

यातल्या 9001 च्या क्वेरीच्या वेळी माल तपासणीला उघडला गेला आणि मी स्वतः सीएफएसवर, म्हणजे कंटेनर उघडतात त्या गोदामावर, गेलो. तपासणीला आलेले अधिकारी वयाने तरुण होते. त्यांनी कागदात गुंडाळलेली एक काच सोडवली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे प्रिझमच दिसतंय की." मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. तिथे हमालांची एक काळी प्लास्टिकची बादली होती, पाण्याने अर्धी भरलेली. काच अर्धी बुडवून, सपाट बाजू वर करून त्यांना वरून बघायला सांगितलं. पाण्याबाहेरचा भाग चांदीसारखा चमकत होता आणि बुडालेला भाग काळाकुट्ट. काच वरखाली केली की ती काळ्या-पांढऱ्याची रेघ पाण्याबरोबर सरकायची. साहेब उकिडवे बसले आणि चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने वरखाली करून पाहिली. म्हणाले, "अच्छा, म्हणून पातळी दिसते!"

त्यांना कळलं होतं. खोबणीमागे वाफ किंवा हवा असली की आत गेलेला उजेड तिरक्या भिंतींवर आपटून परत येतो, म्हणून चमक. खोबणीत पाणी भरलं की तोच उजेड पाण्यात निघून जातो आणि मागचा अंधार दिसतो. एवढंच. पण त्यांनी तपासणी अहवालात जे लिहिलं ते होतं: माल इनव्हॉइसप्रमाणे काचेच्या पट्ट्या. बादली अहवालात आली नाही. खोबणी साच्यात दाबून आल्यात की घासून, कुठली बाजू पॉलिश केलेली आहे, कशासाठी, यातलं काहीच आलं नाही. दूरच्या शहरात ज्या साहेबांना निर्णय घ्यायचा होता त्यांच्या स्क्रीनवर तेच उमटलं जे इनव्हॉइसवर आधीच होतं.

आता 9001 चं बघू, कारण तिथे उत्तर सरळ आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: जगभरच्या मालाला सहा आकडी क्रमांक देणारी हार्मोनाइज्ड सिस्टिम ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे, 1988 पासून चालू आहे. आपल्या 1975 च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात ती आठ आकडी होते. संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा कायद्याचा भाग नाहीत, पण सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या प्लायवूड-ब्लॉकबोर्डच्या खटल्यात त्यांना भरवशाचा वाटाड्या मानलं आणि तेव्हापासून तुम्हीही मानता, आम्हीही मानतो.

9001 च्या टिपा काय म्हणतात? भिंग असो वा प्रिझम, काच 'ऑप्टिकली वर्क्ड' असेल तरच इथे येते. आणि ऑप्टिकली वर्क्ड म्हणजे आधी भरड, मग बारीक अशा अपघर्षकांनी घासत नेऊन शेवटी पॉलिश केलेली. तेही हवा तो ऑप्टिकल गुण यावा म्हणून केलेलं पॉलिश. पॉलिशच्या आधीच्या पायऱ्यांवर थांबलेली काच 70 व्या, म्हणजे काचेच्या, चॅप्टरमध्येच राहते. आमच्या काचेच्या खोबणी गरम काच साच्यात दाबताना उमटतात. त्यांना नंतर कुणी हात लावत नाही. पॉलिश होते ती सपाट बाजू, आणि ती मुख्यतः गास्केट नीट बसावं म्हणून. किंचितही उंचसखल राहिली तर स्टड आवळताना काच तडकते. साहेब, खोबणीवरून नख फिरवलं तरी कळतं, साच्याची किंचित लहर लागते. भिंगाच्या पॉलिशवर अशी लहर कोण चालवून घेईल? उजेड वाकवते म्हणून प्रत्येक काच 9001 मध्ये न्यायची तर गावातल्या पाणपोईचा पेलाही न्यावा लागेल.

7007 वर मात्र मी तुम्हाला हसणार नाही. तो प्रश्न खरा आहे.

7007 म्हणजे सेफ्टी ग्लास: टफन्ड किंवा लॅमिनेटेड. माझी काच टफन्ड आहे, हे मीच इनव्हॉइसवर लिहितो. फुटली तर तिचेही तुकडेतुकडे होतात. शिवाय 7020 हे उरलंसुरलं गोळा करणारं हेडिंग, म्हणजे आधीच्या कुठल्या हेडिंगमध्ये माल बसत असेल तर 7020 पर्यंत पोचायचंच नाही, हा तुमचा युक्तिवाद टॅरिफ वाचण्याच्या नियम क्रमांक 1 ला धरूनच आहे. पण त्याच स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये 7020 खाली औद्योगिक वस्तूंची जी जंत्री दिली आहे तिच्यात गेज ग्लास आणि आत डोकावायच्या काचा यांची नावं घेऊन नोंद आहे. दाबाची गेज ग्लास टफन्ड न करता कोण वापरणार? नावानिशी जी वस्तू 7020 मध्ये सांगितली ती वापरण्याजोगी झाली की तिथून हाकलली जाते, असा अर्थ लावणं मला पटत नाही. टफन करण्याचा हेतूही निराळा आहे. गाडीच्या खिडकीची काच टफन करतात ती फुटली तर माणसाला धार लागू नये म्हणून. इथे टफन करतात ती फुटूच नये म्हणून. यावर तुम्ही म्हणाल, टॅरिफमध्ये हेतू लिहिलेला नाही, 'टफन्ड' एवढंच लिहिलंय. बरोबर. म्हणूनच म्हणतो, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी लढवता येतो.

आणि इथेच 9026 येतं, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चॅप्टर 90 ची, म्हणजे उपकरणांच्या चॅप्टरची, पहिलीच नोट सांगते की 7007, 7008, 7011, 7014, 7015, 7017 चा माल या चॅप्टरमध्ये येणार नाही. यादीत 7020 नाही. म्हणजे काच 7007 ची ठरली तर लेव्हल गेजचा पार्ट म्हणून 9026 90 चं दार आपोआप बंद. 7020 ची ठरली तर ते दार निदान किलकिलं राहतं, कारण पुढची नोट म्हणते की केवळ किंवा मुख्यतः एका उपकरणासाठीच असलेले भाग त्या उपकरणाबरोबर जातात. उलट हीच काच जर मशिनरीत, पाइपलाइनच्या साइट ग्लासमध्ये, रिअॅक्टरच्या झाकणात लावली तर चॅप्टर 84 ची, म्हणजे यंत्रांच्या चॅप्टरची, पहिली नोट तिला सरळ काचेच्या चॅप्टरमध्ये, 7020 कडे परत पाठवते. तेव्हा ज्या साहेबांनी 7007 विचारलं आणि ज्या साहेबांनी 9026 विचारलं, ते दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. आम्ही तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

माझं स्वतःचं मत 7020. पण मी बरोबरच असेन असा हट्ट नाही. उद्या तुम्ही सगळ्यांनी मिळून 7007 ठरवलंत आणि त्याची कारणं लिहिलीत तर मी मुकाट्याने त्यात बिल भरेन, किमती तशा लावेन. धंदेवाल्याला जास्त ड्युटीचं दुःख असतं, पण ते एकदाच असतं. चार वर्षांनी मागे जाऊन वाढणाऱ्या ड्युटीचं भय रोजचं.

तो हिशेबही मांडतो. समजा दोन हेडिंगमध्ये बेसिक ड्युटीचा फरक 5 टक्के आहे आणि माल 10 लाखांचा. 50 हजार बेसिक, त्यावर 10 टक्के समाज कल्याण अधिभार म्हणजे 5 हजार. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, सोडून देऊ, तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. फरक 55 हजार. हे मला क्लिअरन्सच्या दिवशी सांगितलंत तर मी भरतो आणि किमतीत धरतो. चार वर्षांनी नोटीस आली तर 15 टक्क्यांनी व्याज 33 हजार, आणि माहिती दडवली असं ठरवून सीमाशुल्क कायद्याचं कलम 114ए लावलंत तर ड्युटीइतकाच दंड. 55 हजारांचे 1 लाख 43 हजार झाले, आणि ज्या गिऱ्हाइकाला माल विकला त्याच्याकडून आता एक पैसाही मागता येत नाही. ही एक खेप. वर्षात अशा पाच-सहा असतात.

त्याच कायद्याच्या कलम 28 खाली नोटिशीची साधी मुदत 2 वर्षांची आहे. 5 वर्षं मागे जायचं तर संगनमत, जाणूनबुजून चुकीचं निवेदन किंवा माहिती दडवणं दाखवावं लागतं. ज्याने इनव्हॉइसवर 'टफन्ड बोरोसिलिकेट रिफ्लेक्स गेज ग्लास' असं वर्णन, लांबी-रुंदी-जाडीसकट, लिहिलंय त्याने काय दडवलं? चुकला असेल तर आकडा चुकला. नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या खटल्यात 1998 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एखाद्या सवलतीचा दावा करणं, ती लागू होवो वा न होवो, हा आयातदाराच्या समजुतीचा भाग आहे, त्याला चुकीचं घोषणापत्र म्हणता येत नाही. तरी नोटिशीत ते 'सप्रेशन', म्हणजे माहिती दडवल्याचा आरोप, पोळपाटावरच्या पिठासारखं भुरभुरलेलं असतंच. माझ्या ओळखीतल्या एकाच्या नोटिशीत तर मालाचं नावही दुसऱ्याच्या नोटिशीतलं राहून गेलं होतं.

तुमचा संशय बिनबुडाचा नाही, हेही मान्य करतो. काचेत लबाडी भरपूर चालते. सोलर ग्लास घ्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यावरची ड्युटीची सूट गेली, डिसेंबर 2024 मध्ये चीन आणि व्हिएतनामच्या टेक्स्चर्ड टफन्ड काचेवर तात्पुरती अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे पडेल भावाने येणाऱ्या मालावरची जादा ड्युटी, लागली. अशा वेळी टफन्ड काच कुणी 'इतर वस्तू' म्हणून आणली की तुमचे कान टवकारणार आणि टवकारायलाच हवेत. बीआयएस या मानक संस्थेचंही तसंच. सेफ्टी ग्लासला क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आहे, म्हणजे तिच्यावर मानकाचा शिक्का लागतो, तेव्हा 7007 चुकवण्यात ड्युटीपलीकडचाही फायदा कुणाला असू शकतो. फक्त माझ्या 34 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून कुणी सोलर पॅनेल झाकणार नाही, एवढं ड्रॉइंगवरून दिसतं. ड्रॉइंग बिलाबरोबर अपलोड केलेलं असतं. उघडावं लागतं.

काचेच्या चॅप्टरची गंमतच ही आहे की तिथे वस्तू काय आहे यापेक्षा तिच्यावर काय काम झालंय त्याला मोल आहे. आमच्या पॅनेलच्या खिडकीला साधी फ्लोट काच लागते. 7005. ती गोल कापली तरी 7005 च, चॅप्टर नोट तसं स्पष्ट म्हणते. पण बोट कापू नये म्हणून पट्ट्यावर धरून कडेची धार मारली, एका काचेला जेमतेम दोन मिनिटांचं काम, की ती 7006. भोक पाडलं तरी 7006. अनीलिंगच्या, म्हणजे काच सावकाश थंड करण्याच्या, आधी जे काही झालं ते मात्र 'काम' धरायचं नाही. हे सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी कळणारं आहे. 'ग्लास पीसेस, 200 नग' या ओळीत ते मावत नाही. त्यातला दोष आमच्या लोकांचाही आहे. पुष्कळ आयातदार पुरवठादाराने जे इनव्हॉइसवर टाकलं ते तसंच पुढे ढकलतात आणि मग क्वेरी आली की ओरडतात.

तर माझं म्हणणं असं. क्वेरी टाकताना कुठल्या नोटचा, कुठल्या टिपेचा आधार घेताय ते लिहा. 'कृपया वर्गीकरणाचं समर्थन करा' या वाक्याला मी काय उत्तर देऊ? 9001 च्या त्या खेपेला आधी दोनदा नुसतं हेच वाक्य आलं, तुमच्या मनात 9001 आहे हे मला तिसऱ्या वेळी कळलं, तोवर नऊ दिवस गेले होते आणि ग्राउंड रेंट आणि डिटेन्शनचं, म्हणजे जागेच्या आणि अडकलेल्या कंटेनरच्या भाड्याचं, मीटर चालू होतं. शंका असेल तर तपासणी मागवा, तो अधिकार तुम्हाला आजही आहे, पण तपासणाऱ्याला नेमकं काय बघायचं ते सांगा: खोबणी दाबलेल्या की घासलेल्या, कड मारलेली की नाही, पॉलिश कुठल्या बाजूला. दोन फोटो आणि पाच ओळी. तेवढ्याने निम्म्या क्वेऱ्या निकालात निघतील असं माझा सीएचए म्हणतो, आणि तो हे काम एकतीस वर्षं करतोय.

दुसरं, मतभेद झाला आणि तुम्ही आकडा बदललात तर कलम 17(5) प्रमाणे 15 दिवसांत कारणांसकट आदेश द्या. कायद्यात आहे ते. व्यवहारात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. आयातदाराला सांगितलं जातं की 'मान्य आहे' असं लेखी दे, माल आज सुटेल. आदेश हवा असेल तर बस. ऑक्टोबरचा शेवट असतो, साखर कारखान्यांची धुराडी पेटायला आलेली असतात, तिकडून स्टोअरचा माणूस दिवसातून चार वेळा फोन करतो की बॉयलरच्या एका गेजची काच धुरकट झाली आहे, पाणी दिसत नाही. बॉयलरचं अल्कलीचं पाणी काच खातं. रिफ्लेक्सच्या खोबणी आतून झिजल्या की चमकच येत नाही आणि काळ्या-पांढऱ्याची ती रेघ हरवते. त्या गेजपुढे बॅटरी धरून उभ्या असलेल्या फायरमनला 7007 आणि 7020 चं काय? अशा वेळी मी 'मान्य आहे' लिहून देतो. आणि मग तेच पत्र पुढच्या वेळी माझ्याविरुद्ध वापरलं जातं: तुम्हीच मान्य केलं होतं.

प्रोव्हिजनल असेसमेंटचा, म्हणजे तात्पुरत्या आकारणीचा, रस्ता आहे, बाँड आणि बँक गॅरंटी देऊन. 2025 च्या वित्त कायद्याने त्याला अंतिम रूप द्यायला 2 वर्षांची मर्यादा घातली, हे फार चांगलं झालं. त्याआधीची बाँडं कुणाकुणाच्या कपाटात किती वर्षं पडून होती ते विचारू नका. लहान कारखानदाराला बँक गॅरंटी म्हणजे खेळतं भांडवल अडकणं, पण निदान शेवट दिसतो.

"अॅडव्हान्स रूलिंग घ्या ना," म्हणजे वर्गीकरणावर आधीच निर्णय मागून घ्या, असं मला सगळे सांगतात. 2021 पासून त्याचं प्राधिकरण मुंबईतही आहे, फी 10 हजार, 3 महिन्यांत निर्णय, निर्णय काही वर्षं टिकतो. चांगली सोय आहे आणि नव्या आयातदाराने जरूर घ्यावी. पण तोच प्रश्न आधीच एखाद्या अधिकाऱ्यापुढे किंवा अपिलात असेल तर अर्ज घेत नाहीत, आणि माझा प्रश्न तीन अधिकाऱ्यांपुढे फिरून आलाय. शिवाय निर्णय अर्जदारापुरताच बांधील. शेजारच्या गाळ्यात तीच काच आणणाऱ्याला पुन्हा 10 हजार आणि पुन्हा तीन महिने.

खरं तर हे तुमच्या आधी टॅरिफ लिहिणाऱ्यांनी सोडवायला हवं. 1986 साली अतुल ग्लासच्या अबकारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रश्न गेला होता की आरसा म्हणजे 'काच व काचसामान' आहे का. न्यायालयाने ग्राहकाच्या डोळ्यांनी पाहिलं: माणूस दुकानात आरसा घ्यायला जातो, काच घ्यायला नाही. नव्या टॅरिफमध्ये आरशाला 7009 हे स्वतःचं हेडिंग आहे, तो वाद संपला. लिहिलं की संपतं. आपल्याच 7020 मध्ये पाहा. कंदिलाच्या चिमण्यांना आणि रॉकेलच्या दिव्यांच्या भांड्यांना वेगळ्या आठ आकडी ओळी आहेत. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात माझ्या आजोबांनी शाळेचा अभ्यास केला, त्यामुळे त्या ओळींबद्दल मला मायाच आहे. पण आज कंदिलाच्या चिमण्या किती येतात आणि गेज ग्लास किती? एक ओळ गेज ग्लाससाठी काढायला काय हरकत आहे? ओळ नको असेल तर एक परिपत्रक चालेल, ते 7007 म्हणणारं असलं तरी चालेल. ही शिफारस खालून, तुमच्याकडूनच गेली तर वजन पडेल, कारण तुम्हाला रोज हा माल दिसतो. म्हणजे दिसायला हवा.

माझी पुढची खेप महिन्याभरात लागेल. बिल 7020 मध्येच भरणार आहे. प्रोसेस शीट, ड्रॉइंग आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडणार आहे. तुटलेल्या पेटीतली एक काच सीएचएकडे देऊन ठेवली आहे, ती परत नको. ज्या कुणा साहेबांकडे हे बिल जाईल त्यांनी कळवावं, कुठल्याही शहरात असले तरी कुरियरने पाठवतो. बादली काळी असली तर उत्तम.

आपला,
भोसरीचा एक लेव्हल गेजवाला